वहीत काहीच नाही, मग आठवडाभर शिकवलं तरी काय?

शाळा सुरू होऊन महिना झाला की आमच्याकडे एकाच सुराचे प्रश्न यायला लागतात, या आठवड्यात वर्गात नक्की चाललंय काय. यावेळी आलेल्यातले चार घेतलेत.

ताई, मुलगा दुसरीत आहे. सोमवारपासून गणिताच्या तासाला नुसत्या आईस्क्रीमच्या काड्या चालू आहेत, दहा-दहाचे गठ्ठे बांधायचे आणि परत सोडायचे. वहीत एक पान धड भरलेलं नाही. आमच्या बिल्डिंगमधली त्याच्याच वयाची मुलगी दुसऱ्या शाळेत हातच्याच्या बेरजा करतेय. हा मागे पडतोय का? क्लास लावू का?
– एक आई, इंदिरानगर

क्लास नका लावू, निदान या कारणासाठी तरी अजिबात नको. आणि मागे बिगे काही पडत नाहीये तो. दुसरीच्या गणितातलं सगळ्यात मोठं काम हेच आहे असं माझं ठाम मत आहे, कारण ३४ मधला ३ म्हणजे तीस हे मुलाला कितीही वेळा सांगा, सांगून कळत नाही, स्वतः गठ्ठे बांधल्यावरच कळतं.

वर्गात काय होतं ते सांगते. मुलापुढे तीन गठ्ठे आणि चार सुट्ट्या काड्या. बाई म्हणतात, मला आठ दे. तो चार देतो आणि थांबतो. पुढे काय करायचं ते बाई मुद्दाम सांगत नाहीत. कोणी म्हणतं "बाई नाहीयेत", कोणी शेजाऱ्याच्या काड्या उचलतो, भांडण होतं, आणि मग कोणीतरी एक जण हळूच गठ्ठ्याचा रबरबँड काढतो. दहा सुट्ट्या झाल्या, त्यातल्या चार बाईंना दिल्या, हातात राहिल्या सहा आणि समोर गठ्ठे दोन. सव्वीस! ज्याने तो रबरबँड स्वतः काढलाय त्याला पुढे उभ्या मांडणीत तीन खोडून वर दोन का लिहायचे हे वेगळं समजवावं लागत नाही. आणि ज्यांना नुसती रीत पाठ करून घेतलेली असते ना, त्यातली कितीतरी मुलं ३४ वजा ८ करताना चारातून आठ जात नाहीत म्हणून आठातून चार घालवतात आणि उत्तर लिहितात ३४, म्हणजे आठ देऊन पण चौतीसचे चौतीसच, आणि त्यांना त्यात काही खटकत पण नाही. मला या उत्तराची फार काळजी वाटते, रिकाम्या वहीची नाही वाटत.

घरी बघायचंच असेल तर दहाच्या तीन नोटा आणि रुपयाची चार नाणी त्याच्या हातात द्या आणि म्हणा मला आठ रुपये दे. त्याने "आई, दहाचे सुट्टे दे" म्हटलं तर या आठवड्याचा अभ्यास झाला. शेजारच्या मुलीची परीक्षा मात्र घेऊ नका, प्लीज. हां, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पण तो गठ्ठे समोर असताना दहा, वीस, तीस न म्हणता एक एक काडी मोजत बसला तर बाईंना जाऊन भेटा, तेव्हा उशीर करू नका.

नात दुसरीत आहे. तेवीस लिही म्हटलं की ३२ लिहिते. त्यात शाळेत "वीस तीन" असं म्हणून घेतात. हे काय नवीन? आपले मराठी आकडे बुडवायचेत का?
– नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले आजोबा, नाशिकरोड

आजोबा, तुमच्यासारखाच राग खूप जणांना आला होता. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात हे आलं तेव्हा वाद थेट विधानसभेपर्यंत गेला होता, आणि गणिताच्या समितीचं काम बघणाऱ्या मंगला नारळीकरांनी त्यामागचा विचार लोकांना समजावून सांगितला होता. मला स्वतःला तो विचार पटतो. तेवीस म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहायचे मात्र आधी दोन, मग नात ऐकलं तसं लिहिते, म्हणजे ती लक्ष देऊन ऐकतेय हो! एकोणतीसला ३९ लिहिणारी मुलं पण असतातच, कारण कानावर "तीस" पडतं. आणि एवढं एकोणऐंशी, एकोणनव्वद करत आलं की शंभराच्या तोंडावर एकदम नव्व्याण्णव, तिथे तर मोठी माणसं पण अडखळतात.

पण तुमचंही बरोबर आहे, जुनी नावं सुटता कामा नयेत, भाजीवाला काही "वीस तीन रुपये" म्हणणार नाही. म्हणून दोन्ही जोडीने म्हणून घ्या, "वीस आणि तीन, तेवीस", आणि हे म्हणता म्हणताच तिला लिहू द्या, आधी विसाचे दोन मग तीन. तुम्ही तर जन्मभर नोटांच्या गड्ड्या बघितल्यात, शंभर नोटांची गड्डी कशी बांधतात ते तिला कागदाच्या कपट्यांवर करून दाखवा, दहा-दहाच्या दहा थप्प्या लावून. पुढे शतक शिकताना तिला हेच लागणार आहे, आणि आजोबांच्या कामाची गोष्ट पण कळेल.

मुलगी पहिलीत आहे, अजून अ ते ज्ञ येत नाही. या आठवड्यात फक्त ग, म, भ, न आणि काना एवढंच झालं. फार स्लो नाही का हे?
– एक आई, पंचवटी

नाही. या चार अक्षरांत आणि एका कान्यात नाग, मान, भाग, मामा, नाना, मन, नभ, गाभा एवढे शब्द ती स्वतः वाचू शकते, आणि पहिलीच्या मुलाला स्वतः शब्द वाचता आला की त्याला जो आनंद होतो तो अख्खी मुळाक्षरं घडाघडा म्हणण्यात नाही. नुसतं क्रमाने पाठ असलेल्या मुलाला मधलाच "भ" दाखवला तर ते क पासून म्हणत म्हणत तिथे येतं. रोज जाता येता दुकानांच्या पाट्यांवर ही चार अक्षरं शोधायला लावा. वेलांटी पुढे सुरू झाली की काही दिवस उलटी सुलटी येईल, लगेच ओरडू नका.

मुलाला तिसरीत परिसर अभ्यासाला घर ते शाळा नकाशा काढून आणायला सांगितलाय, दिशांसकट. मी शिफ्ट करून दमून येतो. मोबाईलवरच्या मॅपची प्रिंट दिली तर चालेल ना?
– एक बाबा, सातपूर

नाही चालणार दादा, आणि दमलेल्या माणसाला पण जमेल एवढंच काम आहे हे. प्रिंटमध्ये सगळं आयतं येतं, या पाठात तर मुलाने डोळे मिटून रस्ता आठवायचा असतो, आधी काय लागतं, किराणा दुकान की मंदिर, वळायचं कुठल्या हाताला. दिशांसाठी सकाळी सूर्याकडे तोंड करून उभं करतात, समोर पूर्व, डाव्या हाताला उत्तर. सध्या पावसात सूर्य कुठला दिसायला, पण सातपूरला राहता तर त्र्यंबक रोड तुमच्या दारातच आहे. त्र्यंबकेश्वरकडे जातो ती साधारण पश्चिम, सीबीएस बसस्टँडकडे येतो ती पूर्व, एवढं धरलं की बाकीच्या दोन त्याला स्वतःला सापडतात.

पुढे पाण्याचा विषय येईल तेव्हा हाच कागद वाढवता येतो. ब्रह्मगिरीवरून निघालेली गोदावरी, मग आपल्या नळाला जिथून पाणी येतं ते गंगापूर धरण, मग रामकुंड, आणि खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर जिथे कादवा येऊन मिळते. तिसरीच्या मुलाला आपल्या घरातला नळ आणि त्र्यंबकचा डोंगर एका कागदावर दिसला की तो प्रश्न विचारून विचारून तुम्हाला भंडावून सोडेल, तेव्हा कंटाळू नका. आत्ताच्या नकाशात मात्र शाळा घराएवढीच आली, रस्ता वाकडा आला, तरी येऊ द्या, तुम्ही खोडरबर घेऊन बसू नका, कुणाचा रस्ता कुठे चुकला हे मुलं वर्गात एकमेकांचे नकाशे बघून स्वतःच शोधतात.