वाचकांचे प्रश्न : राज्याबाहेरच्या सरकारी विद्यापीठात प्रवेशाची शक्यता कशी जोखावी?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि आमची मुलगी हायस्कूलच्या अकरावीत आहे. तिचा अनवेटेड जीपीए (कठीण विषयांना जादा वजन न देता काढलेली गुणांची सरासरी) 3.9 आहे, एसएटी या प्रवेशपरीक्षेत 1490 गुण आहेत आणि बारावी संपेपर्यंत तिचे आठ एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय पूर्ण होतील. तिला सार्वजनिक आरोग्य शिकायचे असून चॅपल हिल येथील युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना हे सरकारी विद्यापीठ तिच्या मनात भरले आहे. ओळखीतले लोक कधी ‘नक्की होईल’ म्हणतात, तर कधी ‘विसरा’ म्हणतात. तिची शक्यता नेमकी किती टक्के आहे, हे आपण सांगू शकाल का?
– एक पालक

उत्तर : एका विशिष्ट मुलीच्या बाबतीत टक्क्यांचा आकडा कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तो अंदाजाला आकड्याचे कपडे चढवत आहे, असे खुशाल समजावे. मात्र शक्यता मुळीच जोखता येत नाही, असेही नाही. तिची तुलना कोणाशी होणार आहे, हे आधी पक्के केले तर बरेच काही उलगडते.

सरकारी विद्यापीठ त्या राज्याच्या करदात्यांच्या पैशावर उभे असते आणि तेथील विधिमंडळ किंवा नियामक मंडळ आपल्या मुलांच्या जागा राखण्याबाबत जागरूक असते. नॉर्थ कॅरोलायनाच्या विद्यापीठ मंडळाने 1986 मध्ये प्रथम वर्षातील राज्याबाहेरच्या विद्यार्थ्यांवर 18 टक्क्यांची मर्यादा घातली. चॅपल हिलची प्रथम वर्षाची तुकडी साडेचार हजारांच्या आसपास धरली, तर या नियमानुसार बाहेरच्यांच्या वाट्याला जेमतेम आठशे जागा येतात आणि त्यांसाठी उरलेल्या सगळ्या राज्यांतून व परदेशांतून अर्ज येतात. त्यामुळे एकाच विद्यापीठाच्या दारात दोन रांगा लागतात. राज्यातल्या रांगेत गेल्या काही वर्षांत साधारण दर तीन अर्जदारांपैकी एकाला किंवा त्याहून अधिकांना प्रवेश मिळाला आहे, तर बाहेरच्या रांगेत दहांपैकी एकालाही तो मिळालेला नाही. संकेतस्थळांवर झळकणारा स्वीकृतीचा सरसकट दर हा या दोन्ही रांगांची सरासरी असतो आणि म्हणून तो आपल्या कामाचा नाही. अशा मर्यादांवर वारंवार फेरविचार होत असतो, तेव्हा अर्जाच्या वर्षी लागू असलेला नियम विद्यापीठाच्याच पानावर पाहून घ्यावा.

हीच फसगत एसएटीच्या गुणांबाबतही होते. चॅपल हिलच्या विद्यार्थ्यांपैकी मधल्या पन्नास टक्क्यांचे गुण साधारण 1400 ते 1530 या पट्ट्यात असतात आणि 1490 हा आकडा त्यात आरामात बसतो. पण त्या पट्ट्यात बहुसंख्य विद्यार्थी नॉर्थ कॅरोलायनाचेच असतात, शिवाय जेथे गुण कळवणे ऐच्छिक असते तेथे कमी गुण असलेले ते कळवतच नाहीत. बाहेरच्या रांगेतून निवडल्या गेलेल्यांचे गुण या पट्ट्याच्या वरच्या भागाकडे झुकलेले असणार, असे धरून चालणे शहाणपणाचे आहे. तेव्हा आपल्या मुलीचे गुण तिला बाहेर काढणार नाहीत, पण केवळ त्यांच्या बळावर ती आतही जाणार नाही.

आता माहिती कोठून काढावी, ते सांगतो. बहुतेक विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा दस्तऐवज प्रसिद्ध करतात. त्याच्या ‘सी’ विभागात अर्जांची व प्रवेशांची संख्या असते आणि अनेक विद्यापीठे ती अलीकडे राज्यातील व राज्याबाहेरील अशी वेगळी देतात. त्याच विभागातील सी-7 या तक्त्यात अभ्यासक्रमाची काठिण्यपातळी, गुण, निबंध, शिफारसपत्रे, राज्यातील रहिवास अशा प्रत्येक घटकाला विद्यापीठ किती महत्त्व देते, ते नोंदलेले असते. हा तक्ता मी दहा सल्लागारांच्या मतांपेक्षा अधिक विश्वासार्ह मानतो. दुसरा आधार मुलीच्या शाळेतच सापडेल. शाळा प्रवेशअर्जांसाठी वापरतात त्या नेव्हियान्स किंवा स्कॉयर या संगणक प्रणालींमध्ये त्याच शाळेतून त्या विद्यापीठाकडे गेलेल्या आधीच्या अर्जदारांचे जीपीए, गुण आणि निकाल ठिपक्यांच्या आलेखावर दिसतात. न्यू जर्सीतल्या शाळेचे जवळपास सगळेच ठिपके बाहेरच्या रांगेतले असल्यामुळे येथे तुलना आपोआप योग्य होते. अर्थात एखादा ठिपका खेळाडू म्हणून निवडलेल्या मुलाचा आहे की नाही, हे आलेख सांगत नाही, म्हणून शाळेच्या काउन्सेलरबरोबर, म्हणजे सल्लागाराबरोबर, बसूनच तो वाचावा.

आठ एपी विषय पुरेसे आहेत का, याचे उत्तरही शाळेवर अवलंबून आहे. अर्जासोबत शाळेची माहिती सांगणारे पत्रक जाते आणि जेथे दहाच एपी उपलब्ध आहेत तेथले आठ व जेथे पंचवीस आहेत तेथले आठ यांचे वजन सारखे धरले जात नाही. वेटेड जीपीए (कठीण विषयांना जादा वजन देऊन काढलेली सरासरी) प्रत्येक शाळा आपापल्या रीतीने काढत असल्याने त्याची विद्यापीठांच्या सरासरीशी थेट तुलना करण्यात अर्थ नाही.

कोणता विषय निवडला, यानेही चित्र पालटते. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनमध्ये संगणकशास्त्रासाठी राज्याबाहेरून थेट प्रवेश मिळण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या सर्वसाधारण दरापेक्षा कितीतरी कमी आहे. चॅपल हिलमध्ये विद्यार्थी बहुधा आधी कला व विज्ञान शाखेत येतात आणि गिलिंग्ज स्कूलच्या सार्वजनिक आरोग्याच्या पदवीसाठी नंतर स्वतंत्र अर्ज करतात. तेव्हा पहिला दरवाजा उघडला तरी दुसरा शिल्लक असतो, हे मुलीला आजच सांगावे.

हे सगळे धरून माझे मत असे की चॅपल हिल ही आपल्या मुलीसाठी ‘रीच’ आहे, अर्ज करण्याजोगी, पण हाती धरून चालण्याजोगी नव्हे. राज्याबाहेरून सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी घेणारी युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनियाही मी त्याच रकान्यात टाकेन. टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात तर नव्वद टक्के जागा टेक्सासच्या रहिवाशांसाठी आहेत. याउलट युनिव्हर्सिटी ऑफ मिशिगनमध्ये जवळपास निम्मे पदवी विद्यार्थी बाहेरचे असतात, पण अर्जदारांची गर्दीच इतकी असते की त्याने हुरळून जाऊ नये. व्हरमॉन्ट व डेलावेअर या छोट्या राज्यांची विद्यापीठे मात्र बाहेरच्यांच्या शुल्कावर बरीच अवलंबून आहेत आणि तेथे आपल्या मुलीचे पारडे निश्चित जड राहील. यादीच्या पायाशी आपल्या न्यू जर्सीचेच सरकारी विद्यापीठ रटगर्स असावेच. आणखी एक चूक टाळावी, ती म्हणजे दहा-दहा टक्के शक्यतेच्या पाच विद्यापीठांत अर्ज केला की शक्यता पन्नास टक्के झाली, ही समजूत. अर्जातली जी उणीव एका समितीला खटकते तीच बहुधा दुसरीलाही खटकते, म्हणून या शक्यतांची बेरीज होत नाही.

पैशाचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पहिला असायला हवा होता. राज्याबाहेरच्यांना मदत देण्याबाबत विद्यापीठांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. चॅपल हिल आणि व्हर्जिनिया ही दोन्ही विद्यापीठे पात्र विद्यार्थ्याची सिद्ध झालेली आर्थिक गरज पूर्ण भागवतात, मग तो बाहेरचा असला तरी. कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठ व्यवस्थेत 2025-26 साली नव्या बाहेरच्या विद्यार्थ्यांवर नेहमीच्या शुल्काशिवाय 37,602 डॉलरचा अधिभार आहे आणि तो विद्यापीठाच्या मदतीतून भरून निघेल, अशी आशा ठेवू नये. प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ‘नेट प्राइस कॅल्क्युलेटर’ (मदत वजा जाता प्रत्यक्ष खर्च किती, याचा अंदाज देणारा) असतो. अर्जाची यादी पक्की करण्याआधी त्यात घरातले खरे आकडे भरून पाहावेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला राहतो. मुलीला बारावीचे वर्ष काकांकडे ठेवले, तर तिला इन-स्टेट, म्हणजे राज्यातली रहिवासी, धरतील का?
– तेच पालक

उत्तर : नाही. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा कायदेशीर रहिवास सर्वसाधारणपणे आईवडिलांच्या रहिवासावरून ठरतो, काकांच्या पत्त्यावरून नव्हे. नॉर्थ कॅरोलायनात हा निर्णय प्रवेश समिती घेतही नाही. त्यासाठी ‘रेसिडेन्सी डिटर्मिनेशन सर्व्हिस’ ही राज्यव्यापी यंत्रणा आहे आणि ती करविवरणपत्रे, वाहन परवाना यांसारखे पुरावे तपासते. निदान बारा महिन्यांचा रहिवास लागतो, शिवाय तो केवळ शिक्षणासाठी नसून कायम राहण्याच्या हेतूने आहे, हेही दाखवावे लागते. खोटी माहिती दिल्याचे पुढे उघड झाले तर मिळालेला प्रवेशही धोक्यात येतो. आपण स्वतः नोकरीनिमित्त तेथे खरोखर स्थलांतर करणार असाल, तर गोष्ट वेगळी, पण मग कुटुंबाने बारावी सुरू होण्याच्या पुष्कळ आधी तेथे जायला हवे.