पंखा फिरतोय, भाडं थांबलंय

प्रश्न : आम्ही साक्री तालुक्यात, ब्राह्मणवेलच्या पठारावर बाजरी-कांदा करणारे. वडिलांनी 2007 साली 60 आर जमीन पवनचक्कीसाठी 25 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं दिली. सोबत 100 रुपयांच्या स्टॅम्पवर घरातल्या एकाला नोकरी आणि गावाला दरवर्षी विकासनिधी असं लिहून मिळालं. वडील 2023 मध्ये वारले. मधल्या काळात कंपनीनं पवनचक्क्या दुसऱ्या कंपनीला विकल्या. एप्रिल 2024 पासून भाडं बंद आहे. नवी कंपनी म्हणते, वारसांची नोंद नाही आणि तो स्टॅम्प आमचा नाही. धाकटा भाऊ म्हणतो, रस्त्यावर ट्रॅक्टर आडवा लावू. शेजारच्या भिल्ल कुटुंबाकडेही आता दलाल फेऱ्या मारतोय. काय करावं?

उत्तर : भाऊ, आधी तो ट्रॅक्टर शेडखाली उभा करा. रस्ता अडवला की भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 खाली तक्रार द्यायला कंपनीला आयतं निमित्त मिळेल, वर कोर्टातून मनाईहुकूम येईल. पैसे तुमचे बुडाले आणि तारखेला आरोपी म्हणून उभे तुम्हीच. आषाढात वारा भरात असताना पंखा बंद राहणं कंपनीला परवडत नाही, त्यामुळे पोलीस बोलवायला ती वेळ लावत नाही.

तुम्ही पाठवलेल्या दोन्ही कागदांचे फोटो मोठे करून पाहिले. भाडेपट्ट्याच्या प्रत्येक पानावर दुय्यम निबंधकांचा शिक्का आणि दस्त क्रमांक आहे. हा कागद पक्का. मूळ प्रत सापडत नसेल तर इंडेक्स टू (नोंदलेल्या दस्ताचा सारांश) आणि दस्ताची प्रमाणित नक्कल त्याच कार्यालयातून मिळते. दुसऱ्या कागदावर, म्हणजे 100 रुपयांच्या स्टॅम्पवर, फक्त नोटरीचा शिक्का आहे, आणि नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. त्याच्या दुसऱ्या पानावर ‘घरातील एका मुलास नोकरी देण्यात येईल’ ही ओळ निळ्या पेनानं मागाहून घातलेली दिसते. शेजारी सही नाही, पद नाही, पगार नाही. दलाल ‘तुमना पोऱ्याले लाई देसूत’ (तुमच्या पोराला लावून देऊ) म्हणाला असेल आणि वडिलांनी हट्टानं ती ओळ लिहून घेतली असेल. तोंडी शब्दावर ते थांबले नाहीत हे खरं, पण ही ओळ कोर्टात टिकणार नाही. नोकरीसारखा करार जबरदस्तीनं अमलात आणायला कोर्ट सहसा तयार होत नाही, आणि तो शब्द पहिल्या कंपनीचा होता, जमिनीला चिकटलेला नव्हता.

भाड्याचं तसं नाही. भाडं जमिनीबरोबर चालतं. पट्टा ज्याच्या हातात, त्याला ते द्यावंच लागतं. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 108(जे) प्रमाणे, पट्टा दुसऱ्याला दिला एवढ्यानं पहिला पट्टेदार सुटत नाही. म्हणून नोटीस दोन्ही कंपन्यांना पाठवा, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. थकलेल्या भाड्याला मुदत कायदा, 1963 नुसार 3 वर्षं मिळतात आणि प्रत्येक हप्त्याची मुदत वेगळी मोजली जाते. एप्रिल 2024 चा हप्ता एप्रिल 2027 मध्ये मुदतबाह्य होईल. ‘लवकरच देतो’ असं कंपनीनं सहीनिशी लेखी दिलं असेल तर तो कागद जपा, त्या तारखेपासून मुदत नव्यानं धरता येते. दाव्याआधी दस्तात लवादाचं कलम (वाद कोर्टाऐवजी पंचाकडे नेण्याची अट) आहे का ते वकिलाकडून पाहून घ्या. असलं तर साक्रीच्या कोर्टात भरलेला दावा कंपनी लवादाकडे वळवू शकते आणि तुमचं वर्षभर वाया जातं.

वारसांबद्दल मात्र कंपनीचं अर्धं बरोबर आहे. पैसे कुणाला द्यायचे हे तिला कळायला हवं. तलाठ्याकडे (हल्ली त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) वारस नोंदीचा अर्ज द्या. पत्रात तुम्ही दोघा भावांचंच लिहिलंय. आई, बहीण असतील तर त्यांचं नाव सोडू नका, त्यांचाही हक्क आहे. त्यांना वगळलंत तर पुढे कंपनीऐवजी घरातच दावा लागेल. आणखी एक : कोणत्याही महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. आई वादी झाल्या तर तालुका विधी सेवा समितीकडे त्यांच्या नावानं अर्ज करता येईल.

आता गावाचा निधी. त्या स्टॅम्पवर ग्रामपंचायतीची सही नाही, त्यामुळे त्याच्या जोरावर नव्या कंपनीकडून काही मिळायचं नाही. सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजासाठी करायच्या खर्चाचं, नाव सगळेच घेतात. कंपनी कायदा, 2013 चं कलम 135 ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या 3 वर्षांच्या सरासरी नफ्याच्या 2 टक्के खर्च करायला लावतं आणि परिसराला प्राधान्य द्या म्हणतं, पण ते पैसे आमच्याच गावाला द्या असा हक्क गावाला नाही. मागायला हरकत नाही, विसंबून राहू नका. माझ्या मते गावाचा खरा पैसा करात आहे. ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 124 खाली इमारती आणि जमिनींवर कर लावता येतो. ग्रामपंचायतीत जाऊन नमुना 8 (कर आकारणीची नोंदवही) उघडायला लावा आणि हद्दीतल्या किती पवनचक्क्यांची नोंद आहे ते स्वतः मोजा. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोंदच नसेल तर सरपंचांनी कंपनीच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही.

तुमचा पट्टा 2032 मध्ये संपेल. पट्टेदारानं उभारलेलं तो काढून नेऊ शकतो, पण जमीन घेतली तशी परत करायची असते. पंख्याखालचा काँक्रीटचा पाया केवढा असतो हे तुम्ही खोदताना पाहिलंय. तो कोण काढणार, हे मुदतवाढीची बोलणी सुरू होण्याआधी लेखी घ्या.

शेजाऱ्यांना एवढंच सांगा की कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला पट्ट्यानं द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ प्रमाणे घेणाऱ्यानंच अर्ज करायचा असतो. 5 वर्षांपर्यंतच्या पट्ट्याला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्याहून जास्त मुदतीला शासनाची मान्यताही. दलाल पुन्हा आला की त्याच्याकडे ती परवानगी मागायची.