‘खोटी साक्ष’ आणि ‘शेजारी’

विचारणा अशी आहे: दहा आज्ञांमधल्या ‘आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको’ यातला शेजारी म्हणजे भिंतीला भिंत लागून राहणारा का? आणि पाठीमागे केलेली निंदानालस्ती ‘खोटी साक्ष’ ठरते का?

मूळ हिब्रू शब्द ‘रेआ’. अर्थ सोबती, आपल्यातला माणूस. घरं किती लांब, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मराठी बायबलात ‘शेजारी’ रूढ झाला आणि आपल्याला उगाच चाळ आठवते. लूकच्या शुभवर्तमानात एक शास्त्री येशूला हेच विचारतो, ‘माझा शेजारी कोण?’ उत्तरादाखल येते ती चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट. त्यात वाटेत जखमी पडलेल्याला मदत करून जो शेजारी ठरतो, तो तर परक्या जमातीचा.

‘साक्ष’ मात्र चपखल. बायबलातल्या ‘निर्गम’ या पुस्तकात (२०:१६) ही आज्ञा आहे; तिचं हिब्रू शब्दशः लावलं तर ‘सोबत्याविरुद्ध खोटा साक्षीदार होऊन उत्तर देऊ नको’ असं होतं. हे ‘उत्तर’ म्हणजे न्यायसभेतली जबानी. वडीलधारे वेशीत न्यायाला बसत, दोन-तीन साक्षीदारांच्या तोंडावर देहदंड ठरे आणि पहिला दगडही त्यांनीच मारायचा असे. बायबलातल्या एका कथेत नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा राजाला हवा होता, तेव्हा त्याच्याविरुद्ध दोन नालायक साक्षीदार उभे केले, काम झालं. म्हणूनच बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात खोट्या साक्षीदाराला शिक्षा कोणती, तर जी तो दुसऱ्यावर आणू पाहत होता तीच. (पाणिनीच्या मते साक्षात पाहणारा तो साक्षी. त्या हिशेबानं ‘खोटा साक्षीदार’ हा शब्दच वदतोव्याघात!)

मग निंदा? शब्दार्थानं ती या आज्ञेत बसत नाही. चहाड्या करत फिरण्याची मनाई ‘लेवीय’ या पुस्तकात (१९:१६) वेगळी आहे. पण पुढे चर्चच्या शिकवणीत आज्ञेचा अर्थ रुंदावला आणि दुसऱ्याचं नाव खराब करणं तिच्यात आलं. वसईचे कॅथलिक हिला आठवी आज्ञा म्हणतात, बहुतेक प्रॉटेस्टंट नववी. आज्ञा एकच, मोजणी वेगळी.

ज्यू परंपरा आणखी बारीक कातते: खोटी बदनामी वेगळी आणि ‘लशोन हारा’, म्हणजे खरं असूनही दुसऱ्याला बाधणारं बोलणं, वेगळं. मराठीतही हा फरक आहे, आपण लक्ष देत नाही इतकंच. चहाडी खरी असू शकते. आळ खरा निघाला, तर तो आळ राहत नाही.