पहिली-दुसरीच्या मुलांना खरंच वाचता येतं का, हे वर्गात कसं तपासावं?

लेखी चाचणी नको. एकेका मुलाला जवळ बसवून वाचायला द्या. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीत २००५ पासून वापरतात ती पद्धत सोपी आहे: आधी छोटा परिच्छेद, जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही अडले तर अक्षरं. पाचपैकी चार शब्द बरोबर आले की शब्दपातळी धरायची, अक्षरांचंही तसंच.

उतारा मात्र पाठ्यपुस्तकातला देऊ नका, तो तोंडपाठ असतो. बोट एका ओळीवर आणि तोंड पुढच्या ओळीवर, हे मी कितीदा पाहिलंय! 'घ'-'ध'ची गल्लत, गाळलेला काना लगेच वहीत टिपा. 'म-ग-र' सुटं वाचून 'मगर' म्हणता येत नसेल, तर नवी अक्षरं थांबवा. आवाज जोडायचा तोंडी सराव द्या. रोज चार-पाच मुलं घेतली तरी पुरे.