सुईतून जाणाऱ्या जेलमध्ये धागे कशाला?

प्रश्न: इंजेक्शनने आत सोडलं की तिथेच सेट होणाऱ्या हायड्रोजेलमध्ये आता पॉलिमरचे बारीक धागे घालतायत असं वाचलं. कशासाठी? सुई चोक होत नाही का, आणि ते धागे नंतर आतच राहतात का?

उत्तर: हायड्रोजेल म्हणजे बहुतेक पाणीच हो, बऱ्याचदा ९० टक्क्यांच्या वर, थोड्याशा पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या, जाळ्याने धरून ठेवलेलं. त्यात वाढून नवी ऊती भरणाऱ्या पेशींना ते मानवतं, पण ताकद यथातथाच, गुडघ्यातल्या कूर्चेसारख्या जागी सतत भार पडला की चिरा जातात. मग पॉलिमर वाढवा म्हणाल तर जेल घट्ट होतं खरं, पण जाळं इतकं दाट होतं की पेशींना हलायला जागाच उरत नाही, म्हणजे ज्यांच्यासाठी एवढं केलं त्यांचीच कोंडी! म्हणून धागे. आपल्या कूर्चेतही पाणी धरणारा मऊ भाग कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंनीच बांधलेला असतो. चीर पुढे सरकायला लागली की धागा आडवा येतो आणि दोन्ही कडा धरून ठेवतो.

सुईचं म्हणाल तर २५ गेजच्या सुईचं आतलं भोक साधारण पाव मिलिमीटर, म्हणजे २५० मायक्रॉन, आणि इलेक्ट्रोस्पिनिंगने, म्हणजे पॉलिमरचं द्रावण विजेच्या दाबाने ओढून, काढलेला धागा जाडीला एखाद-दोन मायक्रॉन किंवा त्याहून कमीच, त्यामुळे जाडीचं काही नाही, त्रास लांबीचा, लांब धागे एकमेकांत गुंततात आणि तो गुंता सुईत अडकतो. म्हणून गोठवून कापतात नाहीतर अल्ट्रासाउंडने तुकडे करतात. पण फार आखूड केले तर जेलवरचा ताण धाग्यावर जातच नाही, मग घालून न घालून सारखंच.

धागे किती टक्के घातले याचीच चर्चा जास्त होते, मला मात्र पकड जास्त महत्त्वाची वाटते. पॉलिकॅप्रोलॅक्टोनसारख्या पॉलिमरला पाण्याचं वावडं, त्यामुळे धागा जेलमधून सुळकन निसटतो नाहीतर सगळे मिळून गोळे होतात आणि जेल नेमकं त्या गोळ्यापाशीच फाटतं. प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विजेने भारलेला वायू) किंवा अल्कलीची प्रक्रिया करून पृष्ठभाग पाण्याशी जुळवून घेतला की धागा खरंच भार घ्यायला लागतो.

धागे आत कायमचे राहत नाहीत, हळूहळू विघटन होतं. पीएलजीए (लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांपासून केलेला पॉलिमर) काही आठवडे ते महिन्यांत जातं, पॉलिकॅप्रोलॅक्टोनला दोनेक वर्षं किंवा जास्तही लागतात, म्हणून नवी ऊती किती वेगाने भरतेय ते बघूनच पॉलिमर निवडायचा. आणि हो, गुडघ्यात देतात ते हायलुरॉनिक ॲसिडचं नेहमीचं इंजेक्शन म्हणजे हे नव्हे, त्यात धागे नसतात.