प्रोसेसर इंटरफेसला लावला की आवाज का फाटतो?

प्रश्न: सर, माझ्याकडं गिटारचा मल्टीइफेक्ट प्रोसेसर (आवाजाला इफेक्ट देणारा डबा) आहे, आता दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (आवाज लॅपटॉपमध्ये घेणारा डबा) पण घेतलाय. प्रोसेसरला हेडफोन लावला की एकदम भारी वाजतंय पण इंटरफेसमधून रेकॉर्ड करायलो की आवाज फाटायलाय, लाल लाइट लागायलीय, गेन पार खाली केला तरी तेच, वरून लॅपटॉपचा चार्जर लावला की घूंऽऽ चालू. इंटरफेस बदलून घेऊ का? (एक वाचक, परभणी)

उत्तर: बदलू नका, तो चांगलाच असणार. त्याच्यावर इन्स्ट (म्हणजे इन्स्ट्रुमेंट) लिहिलेलं किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण बघा, ते बहुतेक चालू राहिलंय, ते बंद करून लाइनवर (आधीच जोरात असलेल्या सिग्नलसाठीची सेटिंग) घ्या. ते बटण गिटार डायरेक्ट लावायची असेल तेव्हाचं, कारण पिकअपचा (तारांचा आवाज उचलणारा गिटारवरचा भाग) सिग्नल नाजूक असतो आणि त्याला 1 मेगाओहमच्या आसपासचं इनपुट लागतं. प्रोसेसरमधून मात्र आधीच दणकट झालेला सिग्नल येतो, त्याला परत गिटारसारखं वागवलं की तो फाटणारच. आता इंटरफेसचा गेन शून्यावर ठेवा, प्रोसेसरचा आउटपुट अर्ध्याच्या वर न्या आणि तुमचा सगळ्यात जोरातला पॅच (प्रोसेसरमध्ये साठवलेला टोन), सोलोचा बूस्ट चालू करून, मन लावून वाजवा, तेव्हा मीटर -12 डीबीच्या आसपास गेला पाहिजे. 24 बिटला रेकॉर्ड करत असाल तर यापेक्षा जोरात घ्यायची काहीच गरज नाही. माइकच्या एक्सएलआर (तीन पिनच्या) इनपुटला कन्व्हर्टर लावून जोडू नका, आणि 48 व्होल्टचं, म्हणजे माइकला वीज देणारं, बटण बंदच ठेवा.

डिले, रिव्हर्ब स्टिरिओ पाहिजे असेल तर दोन केबल लागतील, डावा उजवा दोन्ही, आणि सॉफ्टवेअरमध्ये इनपुट 1-2 चा एक स्टिरिओ ट्रॅक. एकच केबल असेल तर जिथं मोनो लिहिलंय त्याच जॅकला लावा. अजून एक, प्रोसेसरच्या सेटिंगमध्ये आउटपुट अॅम्पसाठी आहे का लाइनसाठी ते नक्की बघा. अॅम्पवर असेल तर बऱ्याच प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (अॅम्पच्या स्पीकरची नक्कल) बंद होतं आणि डिस्टॉर्शन गांधीलमाशीसारखं गुणगुणतं, मग लोक उगाच पिकअप बदलत बसतात.

राहिला घूंऽऽ. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघा. गेला तर तो ग्राउंड लूप (एकमेकांना जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून होणारी घरघर) किंवा चार्जरचा आवाज आहे, मग प्रोसेसर, लॅपटॉप सगळं एकाच बोर्डावर घ्या. आपल्याकडं जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं पण आत अर्थिंगची वायरच जोडलेली नसते, ते वायरमनकडून तपासून घ्या. कुणी काहीही सांगितलं तरी प्लगची अर्थिंगची पिन मोडू नका, जिवाशी खेळ आहे तो. आणि लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर टेक घेऊ नका, तो आवाज नंतर काढता काढता गिटार पण मरते.

प्रश्न: वाजवलं की आवाज दोनदा ऐकू येतो, एक लगेच आणि एक उशिरा. काय करू? (एक वाचक, नांदेड)

उत्तर: इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर (आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता थेट हेडफोनला देणारं बटण) चालू ठेवा आणि सॉफ्टवेअरमधल्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा. टोन तर प्रोसेसरमध्येच तयार होतोय, त्यामुळं कॉम्प्युटरमधून फिरून आलेला आवाज ऐकायची गरजच नाही.