लाल पेटीत काय पडतं ते बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

शिफ्ट इंचार्ज झालीस हे वाचून मन भरून आलं. तू विचारलंस, वीस-वीस वर्षं मशीनवर काढलेली माणसं माझ्यावर विश्वास का ठेवतील? खरं सांगतो, पहिल्या दिवशी नाही ठेवणार. पहिली वाईट बातमी घेऊन येतील तेव्हा तुझा चेहरा कसा होतो ते बघतील, आणि मग ठरवतील.

मी भोसरीत नवा सुपरवायझर होतो. रात्रपाळीत एका ऑपरेटरने आपणहून मशीन बंद केलं आणि जॉब, म्हणजे मशीनवर बनवलेला सुटा भाग, माझ्यापुढे धरला. बोअर, म्हणजे त्याचं भोक, मोठं झालं होतं; जे आत जायलाच नको ते तपासणीचं नो-गो गेज अलगद आत जात होतं. सकाळी माल गाडीत चढायचा होता. "किती गेले?" हे विचारायचं सोडून मी "कोणी केलं?" म्हणून ओरडलो, तेही सगळ्यांसमोर. पुढचा महिनाभर नापास जॉब टाकायची, रिजेक्शनची लाल पेटी जवळजवळ रिकामी. मी खुशीत साहेबांना आकडे दाखवले. मग एका रविवारी मशीनला थंडावा देणाऱ्या कूलंटची टाकी उपसली, तर तळाच्या गाळात अकरा जॉब निघाले. रिजेक्शन कमी झालंच नव्हतं, लोकांनी मला सांगणं बंद केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना मी त्या ऑपरेटरची माफी मागितली. ओरडलो होतो चारचौघांत, म्हणून माफीही चारचौघांतच. तरी लाल पेटीत खरा माल पडायला सहा महिने लागले.

टोयोटाच्या कारखान्यात लाइनवर दोरी असायची. कामगाराला काही खटकलं की तो ती ओढायचा, दिवा लागायचा, टीम लीडर धावत यायचा. ठरलेल्या खुणेपर्यंत अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. कल्पना मूळची मागावरची. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडा यांच्या १९२४ च्या मागावर धागा तुटला की माग आपोआप थांबे. आपल्याकडेही बटण दाबून लागणारे असे दिवे बऱ्याच कारखान्यांत आलेत. पण धाग्याला कोणाची भीती नसते गं, बटण दाबणाऱ्या माणसाला असते. ती घालवणं तुझं काम.

खिशात छोटी वही ठेव. कोणाला "बघते" म्हणालीस की लगेच लिही: गणपतीची सुट्टी, ओव्हरटाइमचा राहिलेला हिशेब, फाटलेले हातमोजे. जमणार नसेल तर "नाही जमत" हेही स्वतः जाऊन सांग. "बघतो"ला लोक विटलेले असतात. वरच्या मीटिंगमध्ये रिजेक्शन निघालं तर ऑपरेटरचं नाव घेऊ नकोस, शिफ्ट तुझी आहे. कौतुक झालं तर मात्र नाव घेच.

म्हणून सगळंच पोटात घालायचं असंही नाही. न मोजता तपासणीच्या कागदावर आकडे भरणाऱ्याची मी कधी गय केली नाही, तूही करू नकोस. चूक सांगणारा आणि लपवणारा, दोघांना एकच वागणूक मिळाली तर पुढच्या वेळी सांगायला कोण येईल?

सोमवारपासून रात्रपाळी आहे ना? पंधरा मिनिटं आधी जा. सुटणाऱ्या पाळीला घरी जायची घाई असेल, तरी "आज कुठलं मशीन त्रास देत होतं?" एवढं विचार आणि सांगतील ते त्यांच्यादेखत लिहून घे. पहिल्या रात्री लाल पेटीत काय पडलं, ते मला कळव.

तुझा,
काका